कोळंबी, कासव आणि सोलणारी बाई



२०२५ च्या ऑगस्टअखेरीची गोष्ट. सनीव्हेलमधल्या एका मित्राकडे आम्ही सात-आठ जण जेवायला जमलो होतो. टेबलावर कोळंबीभाताचे पातेले होते, सोलकढी होती, आणि विषय अर्थातच ट्रम्पसाहेबांच्या आयातशुल्काचा होता. भारतीय मालावरचे जादा शुल्क नुकतेच ५० टक्क्यांवर गेले होते. कोळंबीवर आधीपासून असलेली अँटिडम्पिंग वगैरे शुल्के धरली तर आकडा त्याच्याही वर जात होता.

यजमान म्हणाला, "म्हणून मी मुद्दाम शोधून भारतातलीच कोळंबी आणली. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आंध्रच्या शेतकऱ्याच्या मागे आपण उभे राहायचे नाही तर कोणी?" त्यावर एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "मी भारतातली कोळंबी गेल्या वर्षीच बंद केली. ती सोलणाऱ्या बायकांचे काय हाल आहेत ते वाचलेस का?" यजमानाचे उत्तर तयार होते : "ते सगळे इथल्या कोळंबीवाल्यांच्या लॉबीचे उद्योग. आपला माल स्वस्त आणि चांगला, तेच त्यांना खुपते."

वाद श्रीखंडापर्यंत चालला. मी त्या दिवशी कुणाची बाजू घेतली नाही, भात मात्र दोनदा घेतला. पण विषय डोक्यातून जाईना. आपण पुरोगामी म्हणवणारी मंडळी अशा प्रश्नांवर ठरलेल्या दोन खुर्च्यांपैकी एक पकडतो. एक खुर्ची ‘अमेरिकेची दादागिरी’ची, दुसरी ‘बहिष्कारा’ची. कोळंबीच्या बाबतीत या दोन्ही खुर्च्यांचा एकेक पाय मोडका आहे असे माझे मत झाले आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

पाकिटावर काय लिहिलेले असते

दुसऱ्या दिवशी एल कमिनो रिआलवरच्या दुकानात जाऊन मी ते पाकीट नीट वाचले. वर मोठ्या अक्षरात वजन, एका पौंडात किती नग बसतात तो आकडा, आणि ‘सोललेली, धागा काढलेली’ हे आश्वासन. खाली बारीक अक्षरांत दोन गोष्टी : ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’ आणि ‘फार्म रेज्ड’. या दोन गोष्टी दुकानदार प्रेमापोटी सांगत नाही. मासळी कोणत्या देशातली, आणि ती समुद्रातून पकडलेली की तळ्यात वाढवलेली, हे किरकोळ विक्रीच्या वेळी सांगण्याची सक्ती अमेरिकेत २००५ पासून आहे. हॉटेलांना ती लागू नाही. शिजवलेल्या किंवा पीठ लावून तयार केलेल्या मालालाही नाही.

आता या दोन शब्दांमागचा पसारा पाहा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताने सुमारे १७ लाख टन मासळी निर्यात केली, किंमत ६२ हजार कोटी रुपयांच्या वर. त्यात गोठवलेली कोळंबी होती ७ लाख ४० हजार टन, म्हणजे वजनाने निम्म्याहून कमी. पण किमतीने पाच अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या दोन तृतीयांशाहून जास्त. सगळ्यात मोठे गिऱ्हाईक अमेरिका. इथला माणूस इतर कोणत्याही मासळीपेक्षा कोळंबी जास्त खातो, वर्षाला पाच पौंडांहून अधिक, आणि त्यातली बहुतेक सगळी परदेशातून येते. गेली कित्येक वर्षे ती पाठवणाऱ्या देशांत भारत पहिल्या क्रमांकावर राहिला आहे.

हे नेहमीच असे नव्हते. नव्वदच्या दशकात भारतात तळ्यांमध्ये वाढवली जाई ती वाघ्या कोळंबी, म्हणजे आपली टायगर प्रॉन. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने ती तळीच्या तळी साफ केली. पुढे २००९ मध्ये सरकारने व्हेनामी या परदेशी जातीला परवानगी दिली आणि चित्र पालटले. २०१२ नंतर थायलंडमध्ये कोळंबीची पिल्ले पटापट मरण्याचा नवा रोग आला, तिथले उत्पादन कोसळले, आणि अमेरिकन खरेदीदार आंध्रकडे वळले. भारतातल्या तळ्यांतल्या कोळंबीपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त एकट्या आंध्र प्रदेशातून येते.

गंमत अशी की व्हेनामी मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याची. तिची जातिवंत माता-पित्यांची जोडी परदेशातून विमानाने भारतात येते, पिल्ले गोदावरीच्या मुखाजवळ वाढतात, आणि सोलून, गोठवून पुन्हा पॅसिफिकच्या काठी आपल्या फ्रीजरमध्ये येतात.

आणि आणखी एक गोष्ट. त्या फ्रीजरमध्ये कोकण जवळजवळ नाहीच. रत्नागिरीची किंवा अर्नाळ्याची समुद्रातली कोळंबी तिथे सापडत नाही. याचे कारण एक कासव आहे.

कासवाचा कायदा

१९८९ साली अमेरिकन काँग्रेसने एका खर्चाच्या विधेयकात ‘कलम ६०९’ घातले. कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यात समुद्री कासवे अडकतात. कासवाला श्वास घ्यायला वर यावे लागते. जाळे तासन् तास पाण्याखाली राहिले की ते बुडून मरते. यावर उपाय म्हणजे जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव चौकटीला आपटून वरच्या झडपेतून सुटते. तिला टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस, थोडक्यात ‘टेड’ म्हणतात. ज्या देशात असे संरक्षण नाही तिथली समुद्रातली कोळंबी अमेरिकेत आणायची नाही, असे हे कलम सांगते.

आधी हा नियम कॅरिबियन टापूपुरता होता. १९९६ पासून, न्यायालयाच्या आदेशामुळे, तो सगळ्या जगाला लागू झाला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये अपील मंडळाचा निर्णय आला, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला असेल. मंडळाने अमेरिकेचा हेतू चुकीचा ठरवला नाही. कासवे वाचवण्यासाठी आयात रोखता येईल, असेच म्हटले. चूक ठरवली ती अंमलबजावणी. कॅरिबियन देशांना टेड बसवायला वर्षे दिली, तांत्रिक मदत दिली, आणि आशियाई देशांना मात्र चार महिन्यांत दार बंद केले, हा पक्षपात आहे असे मंडळ म्हणाले. तरी १९९९ मध्ये सिअॅटलच्या रस्त्यांवर निदर्शक कासवांचे पोशाख घालून उतरलेच. अमेरिकेने नियमांत सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये त्या मान्य झाल्या. कलम जागच्या जागी राहिले.

२०१९ मध्ये त्याच कलमाखाली भारतातल्या समुद्री कोळंबीची अमेरिकेतली आयात बंद झाली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना साजेसा टेड तयार केला आहे. प्रश्न तंत्राचा कमी आणि तो बोटीबोटीवर खरोखर लावण्याचा जास्त आहे.

इथे कोकणातल्या माणसाला राग येणे साहजिक आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी पळवली जात, त्यांच्या भोवती कुंपणे उभी राहिली. आज पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला मुंबई-पुण्याहून माणसे येतात. कुठल्या परदेशी कलमाने हे घडवले नाही. पण म्हणून ते कलम निव्वळ दादागिरी ठरते का? नाही. किनाऱ्यावर अंडी राखायची आणि खोल पाण्यात मादीला जाळ्यात बुडवायचे, हे एकत्र चालू शकत नाही. यजमान मित्राला मी इतकेच म्हणेन की कासवांच्या बाबतीत हा कायदा, उशिरा आणि वाकडा का होईना, बरोबर दिशेला गेला.

तळ्यांचा हिशेब

समुद्रातल्या कोळंबीवर कलम आले, तळ्यातली कोळंबी मात्र त्यातून मोकळी. तळ्यात कासव नसते. पण तळ्यातली कोळंबी निरुपद्रवी नसते हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फार आधी सांगितले होते. तामिळनाडूतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर ११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग यांनी निकाल दिला. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने न्यायालयापुढे ठेवलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की या तळ्यांच्या मिळकतीपेक्षा त्यांनी केलेले नुकसान जास्त आहे : विहिरी खारट, भातजमिनी नापीक, समुद्राकडे जायच्या कोळ्यांच्या वाटा बंद. किनारा नियमन क्षेत्रातली व्यापारी तळी मोडा, आणि तिथल्या कामगारांना भरपाई द्या, असा आदेश झाला.

तो अमलात यायच्या आधीच अडला, आणि २००५ मध्ये संसदेने कोस्टल अॅक्वाकल्चर अॅथॉरिटीचा कायदा करून तळ्यांना वेगळी वाट काढून दिली. आज नोंदणी आहे, औषधांवर बंधने आहेत, आणि पूर्वीपेक्षा शिस्त आहे हे मान्य करायला हवे. पण आपल्या पाकिटावरचा ‘फार्म रेज्ड’ हा शब्द वाचून कोणाला हिरवेगार शेत दिसत असेल, तर त्याने विहिरीचे पाणीही आठवावे.

सोलणारी

आता त्या मैत्रिणीच्या मुद्द्याकडे येतो.

मुंबईत ससून डॉक १८७५ सालचा. पहाटे बोटी लागल्या, लिलाव झाला, की एका बाजूला बायका कोळंबीचे ढीग घेऊन बसतात. डोके मोडायचे, साल काढायची, पाठीतला काळा धागा ओढायचा, पुढची घ्यायची. मजुरी सोललेल्या मालावर, तासावर नाही. बर्फाचे पाणी आणि कोळंबीचे कवच यांनी बोटांची कातडी सोलवटते. आपल्यापैकी कुणी ते पाहिले असेल तर बहुधा फोटोंच्या प्रदर्शनात. या बायकांपैकी कुणाची लेक किंवा नात माझ्या इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींत नाही, हेही लिहून ठेवतो. आपण कोळंबी खाणारे, त्या सोलणाऱ्या. मधली भिंत वर्गाची आहे, आणि जातीचीही.

हेच काम निर्यातीच्या कारखान्यात जास्त स्वच्छ, पांढऱ्या फरश्यांवर, टोप्या-हातमोजे घालून होते. कारण खरेदीदार कारखान्यातल्या जंतूंची तपासणी करतो. पण कारखान्यावर माल वाढला की सोलायचे काम बाहेरच्या शेडना दिले जाते, आणि तिथे तपासणीस पोचत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये कॉर्पोरेट अकाउंटेबिलिटी लॅब या अमेरिकन संस्थेने भारतीय कोळंबी उद्योगावर अहवाल काढला आणि त्याच सुमारास असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनीही आंध्रात जाऊन लिहिले. कर्जात अडकून पडलेले कामगार, किमान वेतनाहून कमी मजुरी, धोक्याची कामे, कोंदट वसतिगृहे, असे त्यात होते. निर्यातदारांनी आणि सरकारी यंत्रणेने आरोप फेटाळले. प्रत्येक आरोप खराच असेल असे मी म्हणत नाही. पण सोलणाऱ्या बाईचे काम ज्याने पाहिले आहे त्याला हे सगळे अमेरिकन लॉबीने घरी बसून रचले असेही म्हणता येणार नाही.

यातला धोका असा की बोभाटा झाला म्हणजे सुधारणा होतेच असे नाही. २०१५ मध्ये याच असोसिएटेड प्रेसने थायलंडमधल्या कोळंबी सोलण्याच्या शेडमधली गुलामगिरी उघड केली आणि त्या लेखमालेला २०१६ चे पुलित्झर मिळाले. पण तोवर रोगामुळे आणि भावामुळे खरेदी भारताकडे सरकू लागलीच होती. खरेदीदाराला देश बदलणे सोपे असते, कामाची रीत बदलणे कठीण. भारतातली कोळंबी आपण टाकली तर तो इक्वेडोर किंवा इंडोनेशियाची घेईल, आणि इथली बाई घरी बसेल. बहिष्काराच्या खुर्चीचा मोडका पाय तो हा.

सिद्ध कोणी करायचे?

माझा पेशा संशोधनाचा. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की प्रयोगाच्या आधी एक गृहीतक धरावे लागते, आणि ते खोटे पाडायची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर असते. गृहीतक कोणते धरले यावरच पुष्कळदा निकाल ठरतो. पुरावा अपुरा असेल तर, आणि तो बहुधा अपुराच असतो, गृहीतक जिंकते.

आता कासव आणि बाई यांच्यासाठी अमेरिकेने काय गृहीत धरले आहे ते पाहा.

कासवाच्या बाबतीत गृहीतक असे : तुमची जाळी कासवे मारतात. तसे नाही हे तुम्ही सिद्ध करा. सिद्ध होईपर्यंत दार बंद.

बाईच्या बाबतीत १९३० च्या टॅरिफ कायद्याचे ‘कलम ३०७’ आहे. सक्तीच्या मजुरीतून तयार झालेला माल आत येऊ द्यायचा नाही असे ते म्हणते. ‘इथे पुरेसा पिकत नसेल तर चालेल’ अशी त्यात एक पळवाट होती. ती २०१६ मध्ये बुजवली. वाचायला उत्तम. पण गृहीतक उलटे आहे : तुमचा माल स्वच्छ आहे. तसे नाही हे कोणीतरी आधी दाखवून द्यावे. तोपर्यंत दार उघडे. आणि दाखवून कोणी द्यायचे? अमलापुरमच्या शेडमध्ये कंत्राटदाराकडून उचल घेतलेल्या बाईने, वॉशिंग्टनमधल्या कस्टम्स खात्याला.

उलटे गृहीतक धरणे अशक्य आहे असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या शिंजियांग प्रांताबाबत अमेरिकेने नेमके तेच केले. तिथला माल सक्तीच्या मजुरीचाच मानायचा, नसल्यास आयातदाराने सिद्ध करायचे. जून २०२२ पासून तो कायदा लागू आहे. म्हणजे मनात असले की जमते. मनात केव्हा येते, तर समोरचा देश प्रतिस्पर्धी असला की.

कासवाला कायद्याने जे दिले ते त्या बाईला दिलेले नाही, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. कासवाचे कमी करा असे मी म्हणत नाही.

आपल्याच खाडीचा इतिहास

यजमान मित्राच्या शंकेला मात्र मी झटकून टाकणार नाही. भल्या हेतूचा कायदा नको असलेल्या माणसांवर कसा चालवतात, हे पाहायला लांब जायला नको. सनीव्हेलच्या उत्तर टोकाला मिठागरांच्या बांधावर उभे राहा. समोर जी सॅन फ्रान्सिस्कोची खाडी दिसते, तिच्यात एकोणिसाव्या शतकात चिनी कोळी कोळंबी पकडत. त्यांची जाळी म्हणजे ओहोटीच्या तोंडाला खांबांवर बांधलेल्या लांब पिशव्या. वसई-वर्सोव्याच्या माणसाला दाखवले तर तो म्हणेल, ही तर आमची डोल! आपल्याकडे जसा जवळा वाळवतात तशीच ते ती बारीक कोळंबी टेकडीच्या उतारावर वाळवत आणि जहाजाने चीनला पाठवत. सॅन राफाएलजवळ ‘चायना कॅम्प’ नावाचे उद्यान आहे, तिथे त्यांची वस्ती अजून पाहायला मिळते. क्वान कुटुंबातला शेवटचा कोळी फ्रँक क्वान २०१६ पर्यंत तिथे राहत होता.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचे दार बंद झाले होते. मग त्यांच्या धंद्याची पाळी आली. १९०१ मध्ये ऐन हंगामात मासेमारी बंदी, १९०५ मध्ये वाळलेल्या कोळंबीच्या निर्यातीला बंदी, १९११ मध्ये त्या पिशवीच्या जाळ्यालाच बंदी. कारण दिले गेले ते माशांची पिल्ले वाचवण्याचे. जाळ्यात पिल्ले मरत नसतील असे नाही, आपल्या डोलीतही मरतात. पण त्याच काळात खाडीचा सर्वांत मोठा घात केला होता तो सोन्याच्या खाणवाल्यांनी. डोंगर पाण्याच्या झोताने फोडून त्यांनी कोट्यवधी टन गाळ आणि त्याबरोबर पारा नद्यांत सोडला. ते १८८४ च्या एका निकालाने थांबेपर्यंत तीन दशके गेली होती.

त्याच पाण्यातल्या स्टर्जन माशाची गोष्टही अशीच. त्याची अंडी म्हणजे कॅव्हिअर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची इतकी लूट झाली की १९०१ मध्ये व्यापारी मासेमारी बंद करावी लागली आणि हौशी गळवाल्यांनाही १९५४ पर्यंत थांबावे लागले. स्टर्जनच्या मादीला अंड्यांवर यायला दहा-पंधरा वर्षे किंवा जास्तच लागतात. तिथे बंदी योग्यच होती.

म्हणजे एकाच खाडीत, त्याच वर्षांत, एक बंदी मासा वाचवण्यासाठी होती आणि दुसरी बरीचशी माणसे हुसकण्यासाठी. कागदावर दोन्हींची भाषा एकच. फरक ओळखायची खूण माझ्या मते ही : कायदा सर्वांना सारखा लागतो का, आणि ज्याच्यावर तो येतो त्याला बदलायला वेळ आणि मदत मिळते का? १९९८ साली व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने नेमकी हीच खूण सांगितली होती.

२०२५ चे आयातशुल्क या कसोटीला लावून पाहा. त्याने कासव वाचले नाही, विहीर गोडी झाली नाही, सोलणाऱ्या बाईची मजुरी वाढली नाही. निर्यातदाराने तळेवाल्याला दिला जाणारा भाव पाडला, आणि त्याच्याखाली कोण आहे ते आपल्याला माहीत आहे. पुढे ते दर पुन्हा बदलले, हा भाग वेगळा. पण लुइझियानाच्या किनाऱ्यावरचा कोळंबीवाला, ज्यांत व्हिएतनाममधून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत, स्वस्त आयातीने खरोखर मोडकळीला आला आहे. त्याला ‘लॉबी’ म्हणून हसणे पुरोगामी माणसाला शोभत नाही. त्याची बोट टेड लावते, त्याच्या डिझेलला अमेरिकन भाव पडतो, आणि त्याची स्पर्धा असते ती उचल घेतलेल्या बाईच्या मजुरीशी. तो आणि ती एकमेकांचे शत्रू नाहीत.

मग करायचे काय?

माझ्या तीन सूचना आहेत. क्रांतिकारक एकही नाही.

पहिली : विचारा. भारतातून कोळंबी पाठवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला सरकारी मान्यता आणि क्रमांक असतो. आपल्या दुकानांना, विशेषतः मोठ्या साखळी दुकानांना, तुमची कोळंबी कोणत्या कारखान्यांतून येते आणि त्यांनी सोलायचे काम बाहेर दिले आहे का, हे लेखी विचारा. एका गिऱ्हाइकाला उत्तर येत नाही. पन्नासांना येते.

दुसरी : गृहीतक बदलायला लावा. २०१८ अखेरपासून आयात कोळंबीची तळ्यापासून बंदरापर्यंतची नोंद ठेवणे अमेरिकेत बंधनकारक आहे. त्या नोंदीत तळे असते, तारीख असते, वजन असते. माल कोणी सोलला आणि त्याला काय मजुरी मिळाली, हा रकाना नसतो. तो घाला, सर्व देशांना सारखा लावा, आणि १९९८ चा धडा लक्षात ठेवून मुदत आणि मदत द्या. काँग्रेसमधल्या आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहिणे आपल्याला येते. एच-वनसाठी आपण ढिगाने लिहिली आहेत.

तिसरी : भाव द्या. वरच्या दोन्ही गोष्टी झाल्या तर कोळंबी महाग होईल. ती आज स्वस्त आहे कारण फरक कोणीतरी बोटांनी भरते. रोजच्या जेवणातली कोळंबी पुन्हा सणावाराची झाली तर आपले फारसे बिघडणार नाही. आपल्या आज्यांनी थोड्याशा सोड्यांवर वांग्याच्या भाजीला चव आणली होती.

यजमान मित्राला हा लेख आधी वाचायला दिला. तो म्हणाला, "म्हणजे मी चुकलो की ती?" मी म्हटले, तू शेतकऱ्यापर्यंत पोचलास आणि ती बाईपर्यंत, पण दोघांनीही दुकानदाराला काहीच विचारले नाही. मीही नाही. पाकीट उलटून वाचायला मला इतकी वर्षे लागली, तीसुद्धा कोणीतरी माझ्यासमोर भात नाकारल्यावर.

दुकानदाराला लिहिलेले पत्र मी पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. तुमच्यापैकी कोणाला असेच पत्र पाठवायचे असेल तर कळवा, मसुदा तयार आहे. आणि माझे म्हणणे चूक वाटत असेल तर तेही जरूर लिहा.